गुणवंताला वेगळा न्याय?

ज्याच्या अंगी असामान्य गुण आहे अशा माणसावर अधिकार चालविण्याची पाळी एखाद्या सामान्य माणसावर आली, तर त्याने कसे वागावे? शाळेच्या मुख्याध्यापकापासून कारखान्याच्या व्यवस्थापकापर्यंत आणि गायनवृंदाच्या मार्गदर्शकापासून कुटुंबप्रमुखापर्यंत, हा प्रश्न प्रत्येकाला केव्हा ना केव्हा पडतोच. नियम सर्वांना सारखाच म्हणावा, तर गुणवंत हातचा जाण्याचे भय. त्याला सूट द्यावी, तर इतरांवर अन्याय. बहुतेक वेळा आपण हा प्रश्न सोडवीत नाही, पुढे ढकलतो. गुणवंताच्या उणिवांकडे कानाडोळा करतो आणि त्या कानाडोळ्याला 'मोठे मन' असे नाव देतो.

या प्रश्नाचा थोडा नीट विचार करता यावा म्हणून मी आज वाचकांना दूरच्या एका मैदानावर नेणार आहे. अमेरिकेतील बेसबॉलचा हा विषय आहे. आपल्या क्रिकेटवेड्या वाचकांना तो खेळ परका वाटेल. पण त्यातील माणसे परकी वाटणार नाहीत, अशी माझी खात्री आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. आपल्याकडे क्रिकेट संघाचा 'मॅनेजर' म्हणजे प्रवासाची, मुक्कामाची आणि जेवणाखाण्याची व्यवस्था पाहणारा गृहस्थ. मैदानावरचे निर्णय कर्णधार घेतो. बेसबॉलचा मॅनेजर निराळा. तो खेळाडूंसारखाच गणवेश घालतो, मैदानाच्या कडेला असलेल्या डगआउटमध्ये बसतो आणि फलंदाजीचा क्रम, चेंडू कोणी टाकायचा, कोणाला केव्हा बाहेर काढायचे, हे सारे तोच ठरवितो. एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा उतरू शकत नाही, इतका त्याचा शब्द अखेरचा. वसंत ऋतूपासून शरद ऋतूपर्यंत दीडशेहून अधिक सामने होतात. त्या काळात मॅनेजर आणि खेळाडू एकाच गाडीने प्रवास करतात, एकाच हॉटेलात उतरतात. मात्र या अधिकाराची एक दुखरी बाजू आहे. मॅनेजरला संघमालक केव्हाही काढून टाकू शकतो. पण ज्याला पाहण्यासाठी हजारो लोक तिकिटे काढतात त्या खेळाडूला काढणे मालकाला परवडत नाही. जबाबदारी एकाची आणि बळ दुसऱ्याचे, अशी ही विचित्र रचना आहे.

*

या रचनेत सापडलेल्या दोन माणसांची कथा प्रथम सांगतो. न्यूयॉर्कच्या यँकीज संघाचे मॅनेजर मिलर हगिन्स हे जेमतेम साडेपाच फूट उंचीचे, किरकोळ शरीरयष्टीचे, अबोल गृहस्थ. सिनसिनाटी येथे त्यांनी कायद्याची पदवी घेतली होती. पण वकिली न करता ते बेसबॉल खेळले आणि १९१८ पासून यँकीजचे मॅनेजर झाले. त्यांच्या हाताखाली १९२० मध्ये जो खेळाडू आला, त्याचे नाव बेब रूथ. बोस्टनच्या संघाने त्याला एक लाख डॉलरला विकले होते. क्रिकेटमधील षटकाराशी ज्याची ढोबळ तुलना करता येईल असे 'होमरन' त्याने १९२० मध्ये ५४ आणि १९२१ मध्ये ५९ मारले. तोवर असे कोणी पाहिलेच नव्हते. चेंडू अलगद ढकलून धावा जमविण्याचा खेळ त्याने एकट्याने बदलून टाकला. १९२३ मध्ये यँकीजचे भव्य स्टेडियम उघडले, तेही प्रामुख्याने त्याला पाहायला येणाऱ्या गर्दीच्या भरवशावर.

रूथचा जन्म १८९५ मध्ये बाल्टिमोर शहरात झाला. आईवडिलांना तो आवरेना, म्हणून सातव्या वर्षी त्यांनी त्याला सेंट मेरीज इंडस्ट्रियल स्कूलमध्ये ठेवले. अनाथ, निराधार आणि उनाड मुलांसाठी झेव्हेरियन ब्रदर्स ही शाळा चालवीत. मधूनमधून घरी जाणे सोडले तर १९१४ पर्यंत त्याचे सारे बालपण तेथेच गेले. तेथे तो शर्ट शिवायला शिकला आणि तेथेच ब्रदर मथायस नावाच्या एका धिप्पाड संन्यस्ताने त्याच्या हाती बॅट दिली. मुलांवर आवाज न चढविता त्यांना ताब्यात ठेवणारा हा माणूस आपल्याला भेटलेला सर्वांत थोर माणूस होता, असे रूथ पुढे आयुष्यभर सांगत राहिला. शाळेत त्याने एकाच माणसाचे ऐकले, आणि ते धाकापोटी नव्हे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

शाळेच्या फाटकाबाहेर पडल्यावर मात्र त्याला अडविणारे कोणी उरले नाही. पैसा, मद्य, रात्री-अपरात्रीचे भटकणे, बेसुमार खाणे, वेगाने मोटार हाकणे यांना धरबंध राहिला नाही. हगिन्स समज देत, दंड करीत. रूथ हसण्यावारी नेई. या ठेंगण्या माणसाची तो चारचौघांत टवाळी करी. हगिन्स यांची बाजूही भक्कम नव्हती. संघाच्या दोन मालकांपैकी टिलिंगहास्ट ह्यूस्टन यांना ते मुळीच नको होते. १९२२ च्या अंतिम मालिकेत यँकीज हरले तेव्हा हगिन्स यांचा हा शेवटचा सामना, असे ह्यूस्टन यांनी जाहीर करून टाकले होते. दुसरे मालक जेकब रूपर्ट यांनी मात्र मॅनेजरला सोडले नाही. पुढच्या वर्षी त्यांनी ह्यूस्टन यांचा हिस्साच विकत घेतला.

१९२५ साल उजाडले. एप्रिलमध्ये रूथ प्रवासात कोसळला. त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि जूनच्या आरंभी तो परतला. पण वागणे बदलले नाही. संघ आठांपैकी सातव्या स्थानाकडे घसरत होता. २९ ऑगस्ट रोजी सेंट लुईस येथे तो सामन्यापूर्वी उशिरा कपडे बदलायच्या खोलीत शिरला. हगिन्स यांनी त्याला गणवेश घालण्याची तसदी घेऊ नये असे सांगितले. पाच हजार डॉलर दंड आणि बेमुदत निलंबन, अशी शिक्षा त्यांनी सुनावली. रूथचा वार्षिक पगार ५२ हजार डॉलर होता. म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा गेला. हे पाऊल उचलण्यापूर्वी हगिन्स यांनी वरिष्ठांचा पाठिंबा मिळविला होता.

रूथ संतापला. हा माणूस मॅनेजर असेपर्यंत आपण खेळणार नाही, अशी त्याने गर्जना केली. बेसबॉलचे आयुक्त न्यायमूर्ती लँडिस यांच्याकडे दाद मागण्यासाठी तो शिकागोला गेला. तेथून न्यूयॉर्कला रूपर्ट यांच्याकडे. आपल्यावाचून मालकाचे स्टेडियम ओस पडेल, याची त्याला खात्री असावी. रूपर्ट यांनी त्याचे ऐकून घेतले आणि ते मॅनेजरच्या पाठीशी उभे राहिले. रूथला परत येऊन माफी मागावी लागली. हगिन्स यांनी त्याला लगेच मैदानात घेतले नाही, आणखी काही दिवस थांबविले. सुमारे नऊ दिवसांनी तो पुन्हा खेळला. पुढच्या वर्षी यँकीजने लीगचे विजेतेपद मिळविले आणि १९२७ मध्ये, त्या मॅनेजरच्या हाताखाली, रूथने साठ होमरन मारले.

*

येथे थांबून टाळ्या वाजविण्याचा मोह होतो. शिस्तीचा विजय झाला, उनाड सुधारला, संघ जिंकला! पण नीतीचा विचार करणाऱ्याने या टाळ्यांपासून सावध राहिले पाहिजे. साठ होमरन हा हगिन्स यांच्या निर्णयाच्या योग्यतेचा पुरावा होऊ शकत नाही. समजा, रूथ रुसून निघून गेला असता, संघ आणखी खाली गेला असता आणि हगिन्स यांची नोकरी गेली असती, तर तोच निर्णय अयोग्य ठरला असता काय? कृतीचे फळ पुष्कळदा दैवाच्या हाती असते. फळावरून न्याय करू लागलो, तर जो जिंकला तो बरोबर, एवढेच तत्त्वज्ञान आपल्यापाशी उरेल.

दुसरी शंका अधिक बोचरी आहे. हगिन्स यांनी रूथला निलंबित केले ते १९२५ मध्ये, संघाची सारी आशा मावळल्यावर. १९२१, १९२२ आणि १९२३ या तीन वर्षी संघ लीगमध्ये पहिला येत होता. रूथ तेव्हाही तसाच वागत होता. मग तेव्हा तत्त्व कोठे गेले होते? गमावण्यासारखे काही नसताना दाखविलेली हिंमत ही हिंमत की हिशेब? हा आक्षेप मला पूर्णपणे खोडून काढता येत नाही. एवढेच म्हणता येते की पहिल्या वर्षांत एक मालक उघड विरोधात असताना हगिन्स यांच्या शिक्षेला काही अर्थच उरला नसता. अंमलात न येणारी शिक्षा अधिकाराची थट्टा करते. तरीही वाट पाहण्यात शहाणपण किती आणि भित्रेपणा किती, हे कदाचित त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते. आपल्यापैकी ज्यांनी कोणावर अधिकार चालविला आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही.

मग योग्य-अयोग्य ठरवावे कसे? सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना ॲरिस्टॉटलचा एक दृष्टान्त आम्हांला समजावून दिला जाई. 'निकोमेकियन एथिक्स' या ग्रंथाच्या पाचव्या भागात तो आहे. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरीत. लोखंडी पट्टी सरळच राहते. शिशाची पट्टी दगडाच्या उंचसखल आकाराप्रमाणे वाकते. कायदा सर्वसामान्य असतो आणि माणसे निरनिराळी असतात. म्हणून कायद्याचा हेतू राखून त्याला माणसाच्या परिस्थितीशी जुळवून घेणे हीच खरी समन्यायबुद्धी, असे ॲरिस्टॉटल सांगतो. रूथसारख्याला सूट देणारे सारे लोक याच दृष्टान्ताचा आधार घेऊ शकतील. हा दगडच वेगळा आहे, पट्टी वाकवायला नको काय?

वाकवायला हवी, पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. गवंडी पट्टी वाकवितो ती भिंत उभी राहावी म्हणून, दगडाची मर्जी राखण्यासाठी नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिओलॉजिए'मध्ये 'माणूस पाहून न्याय करणे' या पापाची चर्चा करताना नेमका हाच भेद केला आहे. ज्ञान पुरेसे आहे म्हणून एखाद्याला अध्यापकाचे पद दिले, तर तो पक्षपात नव्हे. कारण ज्ञान हे त्या पदाचे योग्य कारण आहे. पण केवळ तो अमुक माणूस आहे म्हणून दिले, तर तो पक्षपात. हे माप बेसबॉलला लावून पाहावे. रूथला फलंदाजीच्या क्रमात मानाची जागा देणे, त्याला इतरांच्या अनेकपट पगार देणे, यात पक्षपात नाही. त्या गोष्टींचे कारण त्याच्या बॅटमध्ये आहे. पण वेळेवर येणे, सहकाऱ्यांचा मान राखणे, शरीराची नासाडी न करणे, यांतून सूट मिळण्याचे कारण बॅटमध्ये कसे असेल? चेंडू दूर मारता येतो म्हणून उशिरा येण्याचा हक्क मिळतो, हे अनुमानच चुकीचे आहे. गुणाला गुणाच्या क्षेत्रात वेगळे स्थान असावे; माणूसपणाच्या क्षेत्रात तो इतरांसारखाच एक माणूस.

आणि या सवलतीची किंमत इतरांनाही मोजावी लागते. १९२५ च्या जूनमध्ये, रूथ परतला त्याच सुमारास, लू गेरिग नावाचा एकवीस वर्षांचा तरुण यँकीजच्या संघात कायमचा आला. त्यानंतर १९३९ पर्यंत सलग २,१३० सामन्यांत तो एकदाही गैरहजर राहिला नाही. अशा आज्ञाधारक गुणवंताकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरल्या भावासारखी त्याची अवस्था असते. थोरल्या भावाची तक्रार आपण मत्सर म्हणून झटकून टाकतो. पण त्या तक्रारीत न्यायाचा एक अंश असतोच. हगिन्स यांनी रूथला शिक्षा केली तेव्हा त्या खोलीतल्या नव्या मुलांनाही एक उत्तर मिळाले, की येथे वेळेवर येणे म्हणजे मूर्खपणा नव्हे.

*

पण ताऱ्याला शिक्षा केली म्हणजे न्याय झाला, असेही नाही. त्याच यँकीज संघात बावन्न वर्षांनी जे घडले ते याच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. १८ जून १९७७, बोस्टनचे मैदान. मॅनेजर बिली मार्टिन आणि तारा रेजी जॅक्सन. जॅक्सनला मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांनी पाच वर्षांसाठी सुमारे तीस लाख डॉलरच्या कराराने आणले होते. मार्टिन यांना तो नको होता. एका मुलाखतीत जॅक्सनच्या तोंडून कर्णधार थर्मन मन्सन यांना कमी लेखणारे उद्गार छापून आल्याने संघही दुखावलेला होता. त्या दिवशी बोस्टनच्या जिम राइसचा फटका आडवायला जॅक्सन आळसाने धावला, असे मार्टिन यांना वाटले. त्यांनी डाव चालू असतानाच बदली खेळाडू धाडला आणि जॅक्सनला बाहेर बोलाविले. डगआउटमध्ये दोघे एकमेकांच्या अंगावर गेले. मार्टिन यांना आवरायला प्रशिक्षकांना मध्ये पडावे लागले. हे सारे देशभरच्या दूरचित्रवाणीवर दिसत होते.

वरवर पाहता दोन्ही प्रसंग सारखेच. नियम मोडणारा तारा आणि त्याला बाहेर काढणारा मॅनेजर. आळसाने धावणाऱ्याला बाहेर काढणे हे तत्त्वतः चूकही म्हणता येणार नाही. मग फरक कोठे आहे?

बंधूला त्याची चूक कशी दाखवावी याचा एक क्रम मत्तयच्या शुभवर्तमानात सांगितला आहे. प्रथम एकान्तात, मग एक-दोन साक्षीदारांसमोर आणि सर्वांत शेवटी मंडळीसमोर. या क्रमामागे मानवी स्वभावाची खोल जाण आहे. एकान्तात सांगितलेली चूक माणूस कबूल करू शकतो. चारचौघांत सांगितली की तो चूक विसरतो आणि अब्रू सांभाळू लागतो. हगिन्स यांनी कित्येक वर्षे समज दिली, मग लहान दंड केले, वरिष्ठांशी बोलून घेतले आणि मग, तेही मैदानाबाहेर, अखेरचे पाऊल उचलले. मार्टिन यांनी शेवटच्या पायरीपासूनच सुरुवात केली. हगिन्स यांना रूथ सुधारून परत हवा होता. मार्टिन यांना त्या क्षणी जॅक्सन नकोच होता. शिक्षा एकच असली, तरी ती देणाऱ्याच्या मनात समोरच्याला परत घेण्याची वाट मोकळी आहे की नाही, यावर तिचे नैतिक स्वरूप ठरते.

पुढचा इतिहास गमतीदार आहे आणि करुणही. त्याच वर्षी, १८ ऑक्टोबर १९७७ रोजी, अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात जॅक्सनने तीन निरनिराळ्या गोलंदाजांच्या एकेका चेंडूवर लागोपाठ तीन होमरन मारले आणि यँकीज जगज्जेते ठरले. म्हणजे येथेही फळ मिळालेच. फळावरून न्याय करू नये असे मी वर म्हटले ते याचसाठी. पुढच्या वर्षी, जुलै १९७८ मध्ये, खुणेविरुद्ध खेळल्याबद्दल जॅक्सनचे निलंबन झाले. आणि थोड्याच दिवसांत मार्टिन जॅक्सन व मालक या दोघांबद्दल पत्रकारांपाशी नको ते बोलून बसले. २४ जुलै रोजी त्यांनी भरल्या डोळ्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले बॉब लेमन हे शांत स्वभावाचे गृहस्थ. जुलैच्या मध्याला बोस्टनच्या चौदा सामने मागे असलेला तोच संघ, तोच जॅक्सन घेऊन, त्या वर्षी पुन्हा जगज्जेता झाला. मार्टिन यांना मालकाने पुढे आणखी चार वेळा नेमले आणि प्रत्येक वेळी दूर केले. त्यांना खेळाची जाण कमी नव्हती. परंतु अधिकार आणि स्वतःचा मान, यांतील सीमारेषा त्यांना सापडली नाही, असे वाटते.

*

आता तिसरे उदाहरण. ते देताना मला, एक धर्मगुरू म्हणून, थोडे अवघडल्यासारखे होते. पण ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९४७ साली ब्रुकलिनच्या डॉजर्स संघात जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू येऊ घातला होता. त्या काळी मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. संघाचे अध्यक्ष ब्रँच रिकी यांनी ही भिंत पाडायचे ठरविले होते. मार्च महिन्यात संघ पनामात सराव करीत असताना काही खेळाडूंनी रॉबिन्सनविरुद्ध अर्ज तयार करण्याची खटपट चालविली. मॅनेजर लिओ ड्युरोशर यांना हे कळले, तेव्हा त्यांनी मध्यरात्री साऱ्यांना झोपेतून उठविले, लष्करी बराकीच्या स्वयंपाकघरात गोळा केले आणि अत्यंत शिवराळ भाषेत बजावले, की खेळाडूच्या कातडीचा रंग कोणता याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. हा खेळाडू आपल्याला जिंकून देणार आहे आणि तुम्हां सर्वांच्या खिशात पैसे घालणार आहे. ज्याला हे पटत नाही त्याने जावे. अर्जाचे बंड तेथेच थंड झाले.

हे ड्युरोशर जुगारी लोकांत ऊठबस करणारे, भांडकुदळ आणि नुकतेच एका घटस्फोटित अभिनेत्रीशी लग्न करून वादात सापडलेले. त्याच वर्षाच्या प्रारंभी ब्रुकलिनच्या कॅथलिक युवक संघटनेने, अशा माणसाचे उदाहरण मुलांसमोर नको म्हणून, डॉजर्सच्या बालप्रेक्षक मंडळातून आपली मुले काढून घेतली होती. एप्रिलमध्ये आयुक्तांनी ड्युरोशर यांना वर्षभरासाठी निलंबित केले. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन प्रथम मैदानात उतरला, तेव्हा त्याच्यासाठी मध्यरात्री उभा राहिलेला मॅनेजर डगआउटमध्ये नव्हता.

संघटनेचा आक्षेप चुकीचा होता, असे मी म्हणत नाही. मुलांच्या आदर्शांची काळजी वाहणे हे तिचे कामच होते. पण त्या वसंतात ब्रुकलिनच्या मुलांना शिकण्यासारखा सर्वांत मोठा धडा ज्याने दिला, तो नेमका हाच माणूस होता. त्याने वापरलेली भाषा अभद्र होती, त्याचा युक्तिवाद पैशाचा होता. कृती मात्र न्यायाची होती. सद्गुण आपल्या ओळखीच्या दारानेच आत येतो, असे आपण धरून चालतो, आणि म्हणून कधीकधी तो येऊन गेल्याचे आपल्याला कळतही नाही.

या कथेचा उत्तरार्ध मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९४८ मध्ये ड्युरोशर परतले. रॉबिन्सन आता देशभर गाजलेला तारा होता आणि हिवाळ्यात त्याचे वजन वाढले होते. ज्या मॅनेजरने त्याच्यासाठी संघाशी वैर पत्करले होते, त्यानेच सरावात त्याची मुळीच गय केली नाही. घाम गाळायला लावले आणि वर तोंडसुखही घेतले. रॉबिन्सनला ते लागले असणार. पण या दोन कृती परस्परविरोधी नाहीत. रंगामुळे त्याला कमी लेखू न देणे आणि कीर्तीमुळे त्याला सूट न देणे, ही एकाच आदराची दोन अंगे आहेत.

तेच ड्युरोशर १९५१ मध्ये जायंट्स संघाचे मॅनेजर असताना वीस वर्षांचा विली मेज त्यांच्याकडे आला. पहिल्या सव्वीस प्रयत्नांत त्याला एकच फटका साधला. तो पोरगा रडू लागला आणि मला परत धाकट्या लीगमध्ये पाठवा, असे विनवू लागला. ड्युरोशर यांनी त्याला धीर दिला, की मी येथे मॅनेजर आहे तोवर मध्यक्षेत्राची जागा तुझीच. त्याला त्यांनी धाक घातला नाही आणि दंडही केला नाही. शिशाची पट्टी येथे योग्य रीतीने वाकली. कारण या दगडाला ठोक्याची नव्हे, आधाराची गरज होती. पुढे हा मेज बेसबॉलमधील सर्वश्रेष्ठ खेळाडूंपैकी एक गणला गेला.

*

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गुणवंताला सूट देणाऱ्याला आपण त्याचा हितचिंतक समजतो. खरोखर तसे असते काय? रूथच्या आयुष्याचा शेवटचा अंक याचे उत्तर देतो.

२५ सप्टेंबर १९२९ रोजी हगिन्स रक्तदोषाच्या आजाराने अकस्मात वारले. त्यांची जागा आपल्याला मिळावी, अशी रूथची इच्छा होती. ती जागा त्याला मिळाली नाही. त्या वेळी नाही आणि नंतरही नाही. यँकीजच्या हाताखालच्या न्यूअर्क संघाचे काम त्याला देऊ केले गेले. ते त्याने मानभंग समजून नाकारले. १९३५ मध्ये तो बोस्टनला परत गेला तो याच आशेवर, आणि त्याच वर्षी खेळातून निवृत्त झाला. मोठ्या लीगमधील कोणत्याही संघाने त्याला कधीही मॅनेजर केले नाही. ज्याला स्वतःला सांभाळता आले नाही तो पंचवीस माणसे काय सांभाळणार, असे मालकमंडळी म्हणत.

यात मला एक अन्याय दिसतो, आणि तो १९३५ मध्ये सुरू झालेला नाही. रूथच्या उधळपट्टीकडे, त्याच्या रात्रींकडे आणि त्याच्या पोरकटपणाकडे जोवर तिकिटे खपत होती तोवर साऱ्यांनी हसून पाहिले. त्याच पोरकटपणाचा दाखला पुढे त्याला नाकारण्यासाठी वापरला गेला. ज्याला नियमांतून सूट मिळते, त्याच्या हाती कोणी नियम सोपवीत नाही. सूट देणारे त्याला मनातल्या मनात सांगत असतात, की आम्हांला तुझी बॅट हवी आहे. तुझे काय व्हायचे ते होवो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे कांटने सांगितले. गुणवंताचे लाड हा त्याला साधन म्हणून वापरण्याचा सर्वांत सभ्य प्रकार आहे. साऱ्या न्यूयॉर्कमध्ये रूथला बॅटीपलीकडचा माणूस समजून वागविणारा, त्याच्याकडून माणूस म्हणून काही अपेक्षा ठेवणारा, बहुधा तो एकच ठेंगणा मॅनेजर होता. आणि त्याआधी बाल्टिमोरच्या शाळेतील तो धिप्पाड ब्रदर. रूथ पुढे त्या ब्रदरला कॅडिलॅक मोटार भेट देतो, आग लागून जळालेल्या शाळेसाठी निधी जमवितो, तेव्हा 'नाही' म्हणणाऱ्या माणसाचे प्रेम त्याला ओळखू आले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

म्हणून अधिकार हाती असलेल्याने गुणवंतासमोर उभे राहताना स्वतःला दोन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. मी याला सूट देतो आहे ती त्याच्या भल्यासाठी, की तो गेला तर माझे कसे होईल या भयापोटी? आणि मी याला शिक्षा करतो आहे ती तो परत यावा म्हणून, की माझा मान राहावा म्हणून? दोन्ही प्रश्नांची उत्तरे देताना आपण स्वतःशी खोटे बोलण्याचा संभव मोठा आहे. हगिन्स बोलले नसतील, अशी मी हमी देत नाही.

३० मे १९३२ रोजी यँकीजच्या स्टेडियमवर, मध्यक्षेत्राच्या टोकाला, हगिन्स यांचे स्मारक उभारले गेले. तेथले ते पहिलेच. १९४१ मध्ये त्याच्या शेजारी गेरिगचे आले. १६ ऑगस्ट १९४८ रोजी रूथ कर्करोगाने वारला. सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये कार्डिनल स्पेलमन यांनी त्याचा अंत्यविधी केला. आणि पुढच्या वर्षी त्याचेही स्मारक त्या दोघांच्या ओळीत बसविले गेले. कित्येक वर्षे हे तीन दगड प्रत्यक्ष खेळाच्या मैदानातच उभे होते. दूरवर गेलेला चेंडू आणायला धावणाऱ्या खेळाडूला त्यांच्यापर्यंत जावे लागे. एक न ऐकणारा, एक नेहमी ऐकणारा आणि त्या दोघांना सांभाळता सांभाळता थकून गेलेला तो लहानखुरा वकील. त्यांच्यापैकी वयाने थोरला आणि उंचीने सर्वांत लहान असा तो एकच असा होता, की ज्याला पाहायला कोणी कधी तिकीट काढले नाही.